आमच्यात कावळा नसतो

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होते. चार दारं, एक नळ आणि वर एक बल्ब, जो बहुतेक वेळा गेलेलाच असायचा. तिथपर्यंतचा बोळ भरदुपारीही अंधारा, कारण पलीकडच्या चाळीची भिंत अगदी हाताला लागेल इतकी जवळ. मी भयकादंबऱ्या लिहून आयुष्य काढलं आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या कादंबऱ्यांची परीक्षा या बोळात झाली. परीक्षक आमचे हे.

पद्धत साधी होती. रविवारी जेवणं उरकली की मी आठवड्यात लिहिलेलं प्रकरण मोठ्याने वाचायला घ्यायची. हे समोर बसून इस्त्री करायचे. त्यांचे शर्ट, माझ्या शाळेच्या साड्या, उशांचे अभ्रेसुद्धा. वाचून झाल्यावर कसं वाटलं, असं त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांना माझं सगळंच चांगलं वाटायचं. मी वाट बघायची ती त्यांच्या संडासला जाण्याची. टमरेल उचलून सरळ चालू लागले, तर आठवड्याची मेहनत पाण्यात. पण दाराशी रेंगाळले, पायात असलेल्याच चपला शोधत बसले आणि मग म्हणाले, "अगं, जरा कोपऱ्यापर्यंत येतेस का?" की प्रकरण पास.

"घाबरलात?" मी विचारायची.

"घाबरायचं काय त्यात? बल्ब गेलाय. पाय घसरायचा."

"बल्ब तर चालू आहे."

"तू येतेस की नाही तेवढं सांग."

मी जायची. बोळाच्या कोपऱ्यावर पदर खोचून उभी राहायची. हे आतून मधूनमधून खाकरायचे, मी अजून तिथेच आहे ना ते बघायला. मी खाकरून उत्तर द्यायची. मजल्यावरच्या बायका आम्हाला हसायच्या. इतकी वर्षं झाली लग्नाला, आणि नवऱ्याला संडासला पोचवायला जाते, म्हणायच्या. तिथे साहित्याची समीक्षा चालली आहे, हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत.

तसं पाहिलं तर आमच्या घराण्यात भुतांना मज्जावच होता. माझे वडील, अप्पा, गिरणीत साचेवाले, मागावर कापड विणायचे. संध्याकाळी विहारात मुलांच्या अभ्यासिकेवर देखरेख करायचे. आमच्या भिंतीवर दोन फोटो होते आणि तिसऱ्याला जागा नव्हती. आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक दादरच्या समुद्रात सोडले, ही आमच्या घरातली सगळ्यात मानाची गोष्ट. अप्पा म्हणायचे, देवांना बाहेर काढलं, मग भुतांना काय भाड्याने ठेवून घ्यायचं? अंधारात जायला मी कुरकुरले की ते माझा हात धरून अंधारात न्यायचे आणि म्हणायचे, "बघ. काय आहे? काही नाही. आता ये परत."

काही नाही, हे मला पटायचं. पण ते फार कंटाळवाणं होतं, हेही खरं.

अप्पांच्या या शिकवणीला सुरुंग लावला तो खालच्या मजल्यावरच्या मालवणी काकूंनी. त्या मोरीत बांगडे साफ करता करता गावाकडच्या देवचाराच्या, हडळीच्या गोष्टी सांगायच्या. मी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायची. निघताना त्या मुद्दाम म्हणायच्या, "फाटी बघू नको हां गो चेडवा." म्हणजे मागे वळून बघू नकोस. मग जिना चढताना माझी जी गत व्हायची, ती मला इतकी आवडली की पुढे तोच धंदा केला. मी शाळेत मराठी शिकवायची, आणि घरी आल्यावर भुतं लिहायची.

पहिली कादंबरी घेऊन मी गिरगावात एका प्रकाशकाकडे गेले. जुन्या मुंबईकर घराण्यातला माणूस. आजोबा कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क होते, असं पहिल्या पाच मिनिटांत सांगणारा. खाली कचेरी आणि वर राहतं घर, त्यामुळे कचेरीत कायम कोळंबीच्या कालवणाचा वास. हा प्रकाशक लायब्रऱ्यांसाठी पातळ, स्वस्त कादंबऱ्या काढायचा. दादर, परळ, गिरगाव इथल्या लायब्रऱ्यांत बायका आणि कॉलेजातली मुलं त्या कादंबऱ्या भाड्याने नेऊन एका बैठकीत संपवायची. माझं हस्तलिखित त्याने ठेवून घेतलं आणि आठवड्याने बोलावलं. गेले तर हा माणूस हसून हसून लाल झालेला.

माझ्या कादंबरीत एक खून झालेला सावकार होता. त्याच्या तेराव्याला घरचे लोक खिडकीत पिंड ठेवतात आणि कावळा शिवत नाही, इथून सगळं भयंकर सुरू व्हायचं.

"अहो बाई," प्रकाशक म्हणाला, "कावळा दहाव्याला. तेराव्याला जेवण असतं, गोडाचं. आणि खिडकीत कोण पिंड ठेवतं? ते काय चिमण्यांचे दाणे आहेत?"

त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्यात कावळा नसतो वाटतं?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्यात कावळा नसतो."

खरंच नसतो. आमच्यात माणूस गेला की वंदना होते, त्रिशरण-पंचशील होतं, जलदानविधी होतो, चार माणसं त्याच्याबद्दल चांगलं बोलतात आणि त्याचं पुण्य सगळ्यांना वाटून मोकळे होतात. मागे राहिलेली इच्छा, अडकलेला आत्मा, असला काही हिशोब नाही. पण वाचकांना कावळा हवा होता. भयकथेत कावळा म्हणजे स्वयंपाकातलं मीठ, असं प्रकाशकाचं म्हणणं. त्याने मला बाणगंगेवर धाडलं. जा, सकाळी जाऊन बसा, चार घरची माणसं बघा, मग लिहा. मी तीन-चार वेळा गेले. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून परक्या लोकांची दुःखं बघितली. मुंडण केलेले मुलगे कावळ्याची विनवणी करत होते. धाकट्याला शिकवू, आईला अंतर देणार नाही, जमिनीचं भांडण मिटवू, असली वचनं देत होते. कावळे निवांत बसले होते. मला त्या मुलांची दया आली आणि त्याहून जास्त हेवा वाटला. गेलेल्या माणसाला काय हवंय हे विचारायची त्यांच्याकडे काहीतरी सोय तरी होती.

कावळा दहाव्याला बसवून मी कादंबरी दुरुस्त केली. मग नावाची गोष्ट निघाली. भुताच्या पुस्तकावर बाईचं नाव खपत नाही, असं प्रकाशक म्हणाला. "आणि आडनाव," एवढं म्हणून त्याने वर छताकडे बघितलं, "आडनावाशिवाय कव्हर सुटसुटीत दिसतं." मला कळलं. मला कळलंय हे त्यालाही कळलं आणि त्याने घाईघाईने वरून माझ्यासाठी चहा मागवला. त्या चहाबरोबर मी तो अपमान गिळला, असं म्हणायला बरं वाटतं. पण खरं म्हणजे मला पुस्तक छापून यायला हवं होतं. तेव्हापासून महाराष्ट्रातले लोक एका पुरुषाच्या नावाला घाबरत आले, जो पुरुष कधी जन्मालाच आलेला नाही. माझ्या सगळ्या भुतांपैकी सगळ्यात जास्त चाललेलं भूत ते.

अप्पांनी पुस्तक गॅलरीत उभ्याउभ्या वाचलं. संपवून घरात आले आणि म्हणाले, "भाषा चांगली आहे. पण खोटं आहे हे."

"खोटंच आहे, अप्पा. कादंबरी आहे."

"मग तसं छाप."

ते हट्टालाच पेटले. शेवटी दुसऱ्या आवृत्तीपासून पहिल्या पानावर एक ओळ आली: या पुस्तकातील सर्व भुते काल्पनिक आहेत. प्रकाशकाला वाटलं आता धंदा बुडतोय. झालं उलटंच. वाचकांना वाटलं, ज्या अर्थी एवढं स्पष्ट सांगतायत त्या अर्थी नक्की काहीतरी खरं असणार. खप वाढला. अप्पा कपाळाला हात लावून बसले.

लग्न झालं तेव्हा हे रे रोडला एका लाकडाच्या वखारीत हिशेबनीस होते. विहाराच्या वाचनालयातली ओळख. ते अप्पांच्याच तालमीतले, त्यामुळे भुतावर काडीचा विश्वास नाही. पण अंगच घाबरट, त्याला विचार काय करणार? झुरळालाही घाबरायचे, लिफ्टलाही आणि साहेबालाही. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला सागाच्या भुशाचा वास असायचा. कितीही साबण लावला तरी कानामागे राहायचाच. आम्हाला मूल झालं नाही. पहिली काही वर्षं त्याचं फार वाईट वाटलं, मग रविवार, इस्त्री आणि प्रकरण यातच आमचा संसार भरून गेला.

पुढे लायब्रऱ्या ओस पडल्या, प्रकाशक गेला, त्याच्या मुलाने कचेरी विकली. तोवर मला टीव्हीवाल्यांनी उचललं होतं. भुताच्या मालिका आल्या. शाळेतून निवृत्त होईपर्यंत मी दोन्ही सांभाळलं. मालिकेचं लिहिणं वेगळं असतं. कादंबरीत दोन पानं वारा सुटू द्यायचा, मग दार वाजवायचं. मालिकेत जाहिरातीच्या आधी दार वाजलंच पाहिजे आणि जाहिरातीनंतर दाराबाहेर मांजर निघालं पाहिजे. मी ते शिकले. सगळे संवाद मोठ्याने बोलून बघायची सवय मला तेव्हा लागली, कारण नटीच्या तोंडात वाक्य अडकलं तर सेटवरून फोन यायचा. स्वयंपाकघरात भाजी परतता परतता मी सून व्हायची, सासू व्हायची, मांत्रिक व्हायची. हे बाहेरून विचारायचे, "मला बोलतेस की भुताला?"

मग चाळ बिल्डरकडे गेली. ट्रान्झिट कॅम्पातली वर्षं संपली आणि आम्ही टॉवरमध्ये आलो. मोठी खिडकी, टाइल्स, घरातच संडास, तोही पांढराशुभ्र. किल्ली मिळाली त्या दिवशी हे संडासात जाऊन दिवा चारपाचदा लावून विझवून बघून आले. खूश होते. लिफ्टला मात्र घाबरायचे, म्हणून कोणीतरी शेजारी येईपर्यंत खाली बाकड्यावर बसून राहायचे. माझ्या प्रकरणांची परीक्षा बंद झाली. आता नुसत्या तोंडावरून ओळखायला लागायचं. मी तेही शिकले. इस्त्री फिरवणारा हात थांबला की समजायचं.

ते गेले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ऊन पडलं होतं, खाली शाळेच्या बस हॉर्न देत होत्या. छातीत दुखतंय म्हणाले. हॉस्पिटल इथून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला राहण्याचा तेवढा एक फायदा. टॅक्सीत माझा हात घट्ट धरून बसले होते. मी म्हटलं, घाबरू नका. सबंध आयुष्य या माणसाला घाबरवण्यात घालवलं आणि शेवटी हे बोलले. डॉक्टर बाहेर येऊन काय म्हणाले ते मला आठवत नाही, कारण त्यांनी तोंड उघडण्याआधीच मला कळलं होतं. अशा वेळी डॉक्टर कसे चालत येतात, ते मी कितीतरी वेळा लिहिलं होतं.

सगळं आमच्या रिवाजाप्रमाणे झालं. पांढऱ्या कपड्यातली माणसं आली, वंदना झाली. वखारीतल्या एका जुन्या सोबत्याने सांगितलं की यांच्या हिशोबात कधी एका पैशाची चूक झाली नाही. माझ्या धाकट्या नणंदेने खीर केली. सगळे जेवले आणि निरोप घेऊन आपापल्या घरी गेले. कुणी काही अर्धवट ठेवलं नाही. मी दार लावलं, आणि मला पहिल्यांदा बाणगंगेच्या पायऱ्यांवरच्या त्या मुंडण केलेल्या मुलांची आठवण झाली.

मी अप्पांची मुलगी. अंधारात काही नाही, हे मला माहीत आहे. तरीही मी वाट बघायला लागले, हे इथे सांगून टाकते. मेलेलं माणूस परत येतं तेव्हा काय काय होतं, हे या शहरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल? आधी वास येतो. मग एखादी वस्तू जागची हलते. मग पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मी इस्त्री टेबलावरच राहू दिली. आंघोळीनंतर ओला टॉवेल त्यांच्या बाजूच्या दांडीवर टाकून बघितला, तो कुणी नीट करतं का. काही हललं नाही. टॉवेल जसा टाकला तसाच वाळायचा.

एकदा दुपारी मात्र वास आला. मी ताटावर बसले होते. सागाचा भुसा, तो ताजा, किंचित आंबूस वास, ज्यात चूक होणं शक्य नाही. मी हात न धुता उठले. वास दारातून येत होता. दार उघडलं तर पॅसेजमध्ये जास्त येत होता. मी अनवाणीच जिना उतरत गेले. खालच्या मजल्यावर एका फ्लॅटचं दार उघडं होतं आणि आत दोन सुतार कुणाचा तरी जुना सागवानी पलंग कापून त्याची कपाटं करत होते. त्यांनी माझ्या खरकट्या हाताकडे बघितलं, अनवाणी पायांकडे बघितलं.

"आंटी, धूल आ रहा है क्या ऊपर? सॉरी हां," असं म्हणून त्यातला एक जण उठला आणि त्याने अदबीने दार लावून घेतलं.

उघडं राहू दे रे बाबा, एवढं मला म्हणता आलं नाही. काय कारण सांगणार? त्या बंद दाराशी थोडा वेळ उभी राहिले. फटीतून येत होता तोही वास हळूहळू कमी झाला. वर येऊन पाहिलं तर ताटातली भाकरी वातड झालेली. त्या दिवशी मी खूप रडले, अगदी गळा काढून.

याच सुमारास काम आलं. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेच्या कचेऱ्या झाल्यात, तिथल्या एका कंपनीची हिंदी वेब सिरीज. दिग्दर्शिका तिशीतली, लाघवी मुलगी. सुट्टीत दादरला मामाकडे यायची तेव्हा लायब्ररीतून आणलेली माझी पुस्तकं चादरीखाली लपून वाचायची, म्हणे. लेखक बाई आहे हे कळल्यावर आनंदाने ओरडलीच. पहिल्या भागाची गोष्ट तिनेच ठरवली होती. टॉवरमध्ये राहणारी एकटी विधवा. एका दुपारी तिचा मेलेला नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो.

"मॅम, ये आपके अलावा कोई नहीं लिख सकता," ती म्हणाली. तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

मला हे काम हवं होतं. पेन्शन आहे, पोटाचा प्रश्न नाही. पण मला फोन करणारी ती एकटीच उरली होती. तिच्या फोनमुळे मी सकाळी वेणीफणी करायची. हे काम हातचं गेलं तर मग दुसरं येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्या वयाच्या बाईला कोण शोधत येतं? आणि भुतं सोडून मला दुसरं काही येत नाही.

बसले लिहायला. बाई भाजी चिरते आहे. मागे वास येतो. ती वळते. दारात नवरा. इथवर हात झरझर चालला. पुढे मी लिहिलं, बाई म्हणते, "आलात? जेवायचं व्हायचंय ना?"

पान फाडलं. पुन्हा लिहिलं. बाई वळते, दारात नवरा, बाई म्हणते, "किती वेळ लावलात."

असं बरेच दिवस चाललं. मला त्या बाईला घाबरवताच येईना. मी मोठ्याने बोलून बघायची, आणि दर वेळी आवाज गहिवरायचा. जन्मभर लोकांना ज्या एका गोष्टीची भीती घातली, ती माझ्यापुरती संपली होती. मेलेला माणूस दारात उभा आहे. उभा राहू दे की! बसू दे, पाणी पिऊ दे.

शेवटी जे होतं ते घेऊन मी लोअर परळला गेले. काचेची खोली, थंडगार एसी, टेबलाभोवती तीन-चार लेखक मुलं आणि दिग्दर्शिका. मी वाचून दाखवलं. मग दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "मॅम, ब्यूटिफुल है. पर डर कहाँ है?"

एक मराठी मुलगा होता, तो म्हणाला, "मॅम, बायको घाबरत का नाही पण?"

"नवरा आहे तिचा," मी म्हटलं.

"हो, पण मेलाय ना तो."

"मग काय झालं?"

सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मीही हसले. निघताना दिग्दर्शिका लिफ्टपर्यंत सोडायला आली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर हा एक एपिसोड रूमला देऊया, तुम्ही नुसतं सुपरवाइझ करा. रूम म्हणजे ती मुलं. सुपरवाइझ म्हणजे मॅम, आता घरी बसा. फार गोड बोलली, त्यामुळे तिचा रागही करता येईना.

घरी येऊन मी ठरवलं की आता धंदा म्हणून लिहायचं. बाईने ओरडायचं, बस्स. पण ओरडणं कागदावर नुसतं "किंकाळी" लिहून भागत नाही. ती कुठून निघते, आधी श्वास अडकतो की हातातली सुरी पडते, हे लिहिणाऱ्याला माहीत हवं. म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले. भरदुपार होती. मागे वळले, दाराकडे बघितलं आणि ओरडून बघितलं.

पहिल्यांदा नुसता घोगरा आवाज निघाला. दुसऱ्यांदा बरा. मग मी त्या दारात यांना उभं केलं, इस्त्रीचा शर्ट, कानामागे भुसा, आणि मनाला सांगितलं की हा मेलेला आहे, थंड आहे, याला इथे यायचा काही अधिकार नाही. आणि ओरडले. बेंबीच्या देठापासून. खिडकीची काच थरथरली असेल.

मग मी थांबून ऐकलं. चाळीत असं ओरडले असते तर सबंध मजला लाटणी, झाडू, हाताला लागेल ते घेऊन धावत आला असता. इथे कुणी बेल वाजवली नाही. इंटरकॉम वाजला नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये मिक्सर चालू होता, तो चालूच राहिला. मी घोटभर पाणी प्यायले आणि लिहायला बसले. एका बैठकीत प्रसंग झाला. तिच्या हातून सुरी पडते, ती ओट्याला पाठ लावून मागे सरकते आणि नवरा दोन्ही हात पुढे करून काहीतरी सांगायला बघतो, पण तिच्या ओरडण्यात ते ऐकूच येत नाही.

पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. दिग्दर्शिका अक्षरशः नाचत होती. मागे ती मुलं टाळ्या वाजवत होती. "मॅम, रोंगटे खड़े हो गए. पूरा सीझन आप लिखोगे, बस." मी थँक्यू म्हटलं. तब्येतीची काळजी घ्या म्हणाली. मी म्हटलं, घेते.

फोन ठेवला आणि चहा टाकायला उठले. ओट्याशी पाठ दाराकडे करून उभी होते. कित्येक महिन्यांत, कदाचित वर्षांत, मला पहिल्यांदा भीती वाटली. खरीखुरी. माझा गळा ओरडायला शिकलाय. ते खरंच आले, असे दुपारचे येऊन दारात उभे राहिले, आणि मी बेसावध असताना वळले, तर माझ्या तोंडातून तेच निघेल. सवयीने निघेल. आणि यांचा स्वभाव मला माहीत आहे. मी तशी ओरडले तर हा माणूस घाबरून जाईल आणि पुन्हा कधी या घराकडे फिरकणार नाही.

अप्पा असते तर म्हणाले असते, कोणी येत नाही पोरी. मला माहीत आहे, अप्पा. तरी पण.

आता सीझनचे उरलेले भाग लिहिते आहे. काम जोरात आहे. रोज दुपारी लिहायला बसण्याआधी ओट्याशी उभी राहते, दाराकडे पाठ करून. मग वळते आणि म्हणते, "आलात?" एवढंच. पुन्हा वळते, पुन्हा म्हणते. घसा मोकळा ठेवायचा, श्वास अडकू द्यायचा नाही आणि आवाज अजिबात चढू द्यायचा नाही.